हरित प्रमाणपत्रांचा बाजार: बोली आहे, सक्ती कुठे आहे?

साताऱ्याच्या पठारावर पवनचक्की फिरते, तिची वीज तारेत शिरते आणि त्याच क्षणी कोराडीच्या कोळशावरच्या विजेत मिसळून जाते. पुण्यातल्या घरात दिवा लागतो तेव्हा त्यातली किती वीज वाऱ्याची आणि किती कोळशाची, हे जगातले कोणतेही मीटर सांगू शकत नाही. या अडचणीवर १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ऊर्जाधोरणाच्या अभ्यासकांनी एक तोडगा सुचवला. वीज आणि तिचा स्वच्छपणा या दोन वेगळ्या वस्तू मानायच्या. वीज विजेच्या भावाने विकायची आणि स्वच्छपणाचे वेगळे प्रमाणपत्र काढून ते वेगळे विकायचे. एक मेगावॉट-तास, म्हणजे आपल्या बिलातली १,००० युनिट, तयार झाली की एक प्रमाणपत्र. भारतात याला सगळे आरईसी (रिन्युएबल एनर्जी सर्टिफिकेट) म्हणतात.

हे प्रमाणपत्र घ्यायचे कोणी? कांद्याला खाणारा असतो, म्हणून लासलगावात भाव कोसळला तरी कोणी ना कोणी बोली लावतोच. या कागदाला असा आपसूक गिऱ्हाईक नाही. स्वेच्छेने घेणाऱ्या काही कंपन्या आहेत, पण बाजार चालतो तो सरकारने वीज वितरण कंपन्यांवर घातलेल्या सक्तीवर. वर्षभरात विकलेल्या विजेपैकी अमुक टक्के नवीकरणीय असली पाहिजे, स्वतः घेता येत नसेल तर तेवढी प्रमाणपत्रे विकत घ्या, अशी ती सक्ती. जगभरातले गेल्या पंचवीस वर्षांचे अनुभव एकत्र पाहिले, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. स्पर्धात्मक बोली भाव शोधून देते, मागणी निर्माण करत नाही. मागणी कायद्यातून येते आणि कायदा ढिला असेल तर उत्तमातली उत्तम लिलावपद्धतीही निकामी ठरते.

पहिला मोठा प्रयोग टेक्सासचा. १९९९ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने वीजक्षेत्राच्या खुलीकरणाचा कायदा झाला आणि त्यात २००९ पर्यंत २,००० मेगावॉट नव्या नवीकरणीय क्षमतेची अट घातली गेली. तेलाच्या राज्यात वारा भरपूर होता, जमीन मोकळी होती. लक्ष्य मुदतीच्या बरेच आधी पूर्ण झाले. पण लक्ष्य ओलांडले गेल्यावर प्रमाणपत्रांना किंमत उरली नाही, ती एखाद्या डॉलरच्या घरात आली. टेक्सासची पवनऊर्जा त्यानंतरही वाढत राहिली, मात्र ती प्रमाणपत्रांमुळे नव्हे, तर केंद्र सरकारची करसवलत, नव्या पारेषण वाहिन्या आणि वाऱ्याची स्वस्ताई यांमुळे. २०२३ मध्ये राज्याने ही सक्ती टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा कायदाही केला.

न्यू जर्सीने वेगळी वाट धरली. तिथे केवळ सौरऊर्जेसाठी राखीव प्रमाणपत्रे काढण्यात आली. लहान, दाट वस्तीच्या या राज्यात वाळवंट नाही, ऊनही बेताचे. तरीही छपरांवरच्या सौरऊर्जेत ते अमेरिकेत आघाडीवर पोचले, कारण वीजपुरवठादाराने पुरेशी प्रमाणपत्रे आणली नाहीत तर त्याला प्रत्येकी सहाशे डॉलरहून अधिक पर्यायी रक्कम भरावी लागत होती. साहजिकच प्रमाणपत्रेही त्याच उंचीला विकली जात. २०११ मध्ये भाव ६०० डॉलरच्या वर होता. शेतकरी, शाळा, गोदामवाले असे सगळे पॅनेल बसवू लागले. मग पुरवठा मागणीच्या पुढे गेला आणि २०१२ मध्ये तोच कागद शंभर डॉलरच्या आत आला. सहाशेचा हिशेब धरून कर्ज काढलेल्यांचे काय झाले असेल, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी सक्तीचे प्रमाण वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा बाजार सावरू लागला.

हा चढउतार अपघाताने झालेला नाही. प्रमाणपत्रांची मागणी कायद्याने ठरवलेल्या आकड्यावर अडकलेली असते. आकड्यापेक्षा एक प्रमाणपत्र कमी पडले, तर खरेदीदार दंडाइतकी किंमत मोजायला तयार असतो. एक जास्त झाले, तर त्या जादाच्या कागदाचा कोणालाच उपयोग नसतो. एकदा पॅनेल बसले की त्यातून निघणाऱ्या पुढच्या प्रमाणपत्राचा उत्पादनखर्चही जवळजवळ शून्य. त्यामुळे मोकळ्या बाजारात भाव एकतर छताला भिडतो किंवा जमिनीला टेकतो, मधे फारसा थांबत नाही. स्वीडन आणि नॉर्वे या शिस्तबद्ध देशांनी २०१२ पासून एकत्र चालवलेल्या प्रमाणपत्र बाजारातही शेवटी अतिपुरवठा झाला आणि भाव शून्याजवळ गेला.

ब्रिटनने यावर एक चतुर उपाय केला होता. २००२ च्या त्यांच्या योजनेत प्रमाणपत्र न आणणाऱ्या पुरवठादाराला मेगावॉट-तासामागे ३० पौंड भरावे लागत. जमा झालेला हा पैसा सरकारी तिजोरीत न जाता ज्यांनी प्रमाणपत्रे आणली त्यांच्यात वाटला जाई. म्हणजे चुकारांच्या पैशातून पाळणाऱ्यांना बक्षीस. तरीही गुंतवणूकदारांना पुढच्या पंधरा वर्षांची खात्री हवी होती, आणि ब्रिटनने २०१७ मध्ये ही योजना नव्या प्रकल्पांसाठी बंद करून थेट दीर्घ मुदतीच्या करारांचे लिलाव स्वीकारले.

या सगळ्या पसाऱ्यात कनेक्टिकटची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रमाणपत्रे वितरण कंपनीने स्पर्धात्मक बोलीने घ्यायची म्हणजे नेमके काय, याचा तो स्वच्छ नमुना आहे. २०११ च्या कायद्याने राज्यातल्या दोन वितरण कंपन्यांना, कनेक्टिकट लाइट अँड पॉवर आणि युनायटेड इल्युमिनेटिंग यांना, दरवर्षी ठरावीक रकमेचे नवे करार करायला भाग पाडले. पहिल्या वर्षी शून्य-उत्सर्जन प्रकल्पांसाठी, मुख्यतः सौर, वर्षाला ८० लाख डॉलरचे करार, आणि इंधनघटासारख्या कमी-उत्सर्जन प्रकल्पांसाठी ४० लाखांचे. मुदत १५ वर्षे. इथे कंपनी वीज विकत घेत नव्हती. वीज ज्याच्या छपरावर तयार होते तो कारखाना, शाळा किंवा नगरपालिका ती स्वतःच वापरी. कंपनी घेत होती ते फक्त प्रमाणपत्र, एका ठरलेल्या भावाने, पंधरा वर्षे.

बोलीचे नियमही विचारपूर्वक होते. २५० किलोवॉटपासून एक मेगावॉटपर्यंतचे मोठे प्रकल्प आपसांत स्पर्धा करत, १०० ते २५० किलोवॉटचे मध्यम आपसांत. ज्याने जी बोली लावली तीच त्याला मिळे, सगळ्यांना एकच भाव नाही. आणि १०० किलोवॉटच्या आतल्या लहान प्रकल्पांना निविदेच्या भानगडीत पडायची गरजच नव्हती. मध्यम गटाची सरासरी किंमत काढायची, तीत दहा टक्के मिळवायचे आणि तो दर लहानांना द्यायचा. पहिल्या वर्षी मोठ्या गटाची सरासरी सुमारे १०१ डॉलर आली, मध्यम गटाची १४९ च्या आसपास, म्हणून लहानांना १६४. कायद्याने परवानगी दिलेली कमाल किंमत ३५० डॉलर होती. बोलीने भाव त्या कमाल किमतीच्या अर्ध्याहून खाली आणला आणि तरी लहान माणूस बाहेर फेकला गेला नाही. निविदा भरायला वकील आणि सल्लागार लागतात. चर्चच्या छपरावर पॅनेल बसवणाऱ्या समितीला ते परवडत नाहीत, हे ओळखून नियम केला गेला होता. वीजधोरणात अशी सहृदयता क्वचित दिसते.

इलिनॉयमध्ये तर खरेदीसाठी स्वतंत्र सरकारी संस्थाच आहे. इलिनॉय पॉवर एजन्सी बोली मागवते आणि करार मात्र कॉमएड, अमेरेन या कंपन्यांशी होतात. मोठ्या पवन आणि सौर प्रकल्पांसाठी स्पर्धा, छपरांवरच्या प्रकल्पांसाठी ठरलेला दर, अशी विभागणी तिथेही आहे. न्यू जर्सीनेही २०२० मध्ये जुना बाजार नव्या प्रकल्पांसाठी बंद केला आणि पुढे मोठ्या प्रकल्पांसाठी स्पर्धात्मक बोली आणली. २०२३ च्या पहिल्या फेरीत नियामकांना सगळ्याच बोली महाग वाटल्या आणि त्यांनी एकही स्वीकारली नाही. पुढची फेरी मात्र यशस्वी झाली. बोली नाकारण्याचे धैर्य दाखवणे हाही लिलावाचा भाग आहे, ग्राहकाचे हित तिथेच जपले जाते.

आता भारत. वीज कायदा २००३ च्या कलम ८६(१)(ई) ने राज्य नियामक आयोगांवर नवीकरणीय खरेदीचे प्रमाण ठरवण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्र यात पुढे होता. इथल्या आयोगाने २००६ मध्येच ३ टक्क्यांपासून सुरुवात करून दरवर्षी एक टक्का वाढ ठरवली होती. पण राजस्थानात ऊन, तमिळनाडूत वारा, महाराष्ट्रात उसाचा बगॅस आणि दिल्ली-बिहारात यातले फार थोडे. मग सगळ्यांनी बंधन पाळायचे कसे? उत्तर म्हणून केंद्रीय वीज नियामक आयोगाने जानेवारी २०१० मध्ये प्रमाणपत्रांचे नियम केले, नोव्हेंबर २०१० मध्ये योजना सुरू झाली आणि मार्च २०११ मध्ये पहिले सौदे झाले. महाराष्ट्रात प्रकल्पाला मान्यता देण्याचे काम महाऊर्जा या राज्य संस्थेकडे आले. देशपातळीवर नोंदणी आणि प्रमाणपत्र देणे राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडे.

बाजाराची रचना साधी आणि चांगली होती. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी दुपारी इंडियन एनर्जी एक्स्चेंज आणि पॉवर एक्स्चेंज इंडिया या दोन बाजारांत विक्रेते आणि खरेदीदार बंद बोली लावत. दोन्हीकडच्या बोली जिथे जुळतील तो एक भाव सगळ्यांना. वीज उत्पादक आपली वीज स्थानिक वितरण कंपनीला तिच्या सरासरी खरेदी-खर्चाच्या दराने देई आणि प्रमाणपत्र बाजारात विकून उरलेला खर्च वसूल करी. गुंतवणूकदाराला धीर यावा म्हणून आयोगाने किमान आणि कमाल भाव बांधून दिले. बिगर-सौर प्रमाणपत्राला १,५०० ते ३,९०० रुपये, सौरला १२,००० ते १७,०००.

सौरचा किमान भाव म्हणजे युनिटमागे १२ रुपये, तोही विजेच्या किमतीखेरीज! त्या काळी सौर वीज खरोखरच महाग होती. पण ती फार काळ महाग राहिली नाही. राष्ट्रीय सौर मिशनच्या २०१० च्या उलट्या लिलावात सर्वात कमी बोली १० रुपये ९५ पैसे होती. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैसे. वितरण कंपनीसमोर आता सरळ हिशेब होता. अडीच-तीन रुपयांत वीजही मिळते आणि बंधनही पुरे होते, तर नुसत्या कागदासाठी पैसे कशाला मोजायचे? आयोगही मागे धावत किमान भाव खाली आणत गेला. २०१२ मध्ये ९,३००, २०१५ मध्ये ३,५००, २०१७ मध्ये सौर आणि बिगर-सौर दोन्हींना १,००० रुपये. ज्याने पहिल्या भावावर विश्वास ठेवून सर्वात आधी प्रकल्प उभारला, त्याचेच सर्वाधिक नुकसान झाले. हे अन्यायाचे होते आणि त्याची भरपाई पूर्णपणे कधीच झाली नाही.

तंत्रज्ञान स्वस्त झाले हा कोणाचा दोष नाही. खरा दोष दुसरीकडे होता. २०१३ नंतर किमान भावालाही गिऱ्हाईक मिळेना. महिन्यामागून महिने विक्रीला आलेल्या प्रमाणपत्रांतली थोडीशीच खपत आणि २०१६ च्या सुमारास न विकलेला साठा दीड कोटीच्या वर गेला. मुदत संपून ती वाया जाऊ नयेत म्हणून वैधता ३६५ दिवसांवरून ७३० आणि मग १,०९५ दिवस करावी लागली. त्याच वेळी अनेक राज्यांच्या वितरण कंपन्या आपले लक्ष्य चुकवत होत्या. म्हणजे बंधन होते, माल होता, बाजार होता, आणि खरेदी नव्हती. कारण बंधन मोडल्याची शिक्षा होत नव्हती. तोट्यातल्या कंपनीवर दंड बसवला तर तो शेवटी ग्राहकाच्या बिलात येईल, हा आयोगांपुढचा पेच खरा होता. पण त्यातून रूढ झालेली वाट मात्र सर्वात वाईट ठरली. तूट पुढच्या वर्षात ढकलायची, ती पुढे आणखी पुढे.

महाराष्ट्रही याला अपवाद नाही. २०१० च्या नियमांत ६ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत चढणारे लक्ष्य होते आणि तूट राहिल्यास प्रमाणपत्राच्या कमाल भावाने आकारणीची तरतूदही होती. प्रत्यक्षात महावितरणला मागची तूट पुढे एकत्रित भरून काढण्याची मुभा मिळाली. २०१९ च्या नियमांनी २०२४-२५ साठी २५ टक्क्यांचे धाडसी लक्ष्य ठेवले, पण त्यातली वार्षिक तुटीबद्दल कंपनीच्या मान्य महसुलातून होणारी कपात युनिटमागे १० पैसे होती. एका प्रमाणपत्राला लागू करून पाहा, ते होतात १०० रुपये. २०२१-२२ मध्ये बाजारात प्रमाणपत्र हजार रुपयांच्या घरात किंवा त्याहून वर होते. हजाराची वस्तू घेण्यापेक्षा शंभराची कपात सोसणे स्वस्त असेल, तर कोणता वित्त अधिकारी वस्तू घेण्याची शिफारस करील?

न्यायालयांनी आपल्या परीने मार्ग मोकळा केला. मे २०१५ मध्ये हिंदुस्तान झिंकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःपुरती वीज बनवणाऱ्या कारखान्यांवरही हे बंधन लागू होते, असा निर्वाळा दिला. त्यानंतर सिमेंट, धातू, रसायन उद्योग बाजारात उतरले आणि साठा हलू लागला. पण भावाच्या वादाने पुन्हा घात केला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीने व्यवहार अडले आणि सौर प्रमाणपत्रांचे सौदे पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत बंद राहिले. २०२० मध्ये केंद्रीय आयोगाने किमान भाव शून्य केला, उत्पादक अपिलात गेले आणि जुलै २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत, सोळा महिने, एकही प्रमाणपत्र विकले गेले नाही. ज्या बाजारावर कर्ज देणाऱ्या बँकेने विश्वास ठेवावा, तो असा मधेच वर्ष-सव्वा वर्ष बंद पडून कसे चालेल?

डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी सगळी घडी बदलली. किमान-कमाल भाव गेले, सौर-बिगरसौर भेद गेला, प्रमाणपत्र विकले जाईपर्यंत वैध राहू लागले. नव्या प्रकल्पांना तंत्रज्ञानानुसार गुणक मिळाला: सौर आणि जमिनीवरच्या पवनऊर्जेला एक, जलविद्युतला दीड, बगॅससारख्या सहवीजनिर्मितीला दोन, जैवभाराला अडीच. बगॅसवर वीज करणाऱ्या महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. कागदावर. कारण भाव मोकळा सुटल्यावर तो आधी सांगितलेल्या नियमाप्रमाणेच वागला. लक्ष्यापेक्षा जास्त हरित वीज घेतलेल्या काही वितरण कंपन्या स्वतःच विक्रेत्या झाल्या, पुरवठा वाढला, आणि २०२४ च्या मध्याला प्रमाणपत्र शे-सव्वाशे रुपयांपर्यंत उतरले. शंभर रुपये म्हणजे युनिटमागे दहा पैसे. बगॅसच्या गुणकाने त्याचे दुप्पट केले तरी वीस पैसे. त्यात बॉयलर बदलण्याचे कर्ज फिटत नाही.

स्वस्त प्रमाणपत्र ग्राहकाच्या फायद्याचे नाही का, असा प्रश्न कोणी विचारील. फायद्याचे आहे, आणि ज्या कंपन्यांची तूट बाकी आहे त्यांनी या भावात ती भरून टाकायला हवी होती. पण शंभर रुपयांचा भाव नव्या प्रकल्पाला जन्म देत नाही. जो प्रकल्प तसाही उभा राहणार होता, त्याला तो किरकोळ वरकमाई देतो. योजनेचा हेतू मात्र नवे प्रकल्प उभे करण्याचा होता.

मोठ्या सौर प्रकल्पांना आता या आधाराची गरज उरलेली नाही. महावितरणने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात मार्च २०२४ मध्ये सुमारे ९,००० मेगावॉटची कंत्राटे युनिटमागे २ रुपये ९० पैसे ते ३ रुपये १० पैशांत दिली. कृषी वाहिन्यांना दिवसा वीज आणि बंधनाची पूर्ती, दोन्ही एका निविदेत. हा मार्ग योग्यच आहे. गरज आहे ती विखुरलेल्या, मध्यम आकाराच्या आणि महागड्या पण उपयोगी स्रोतांना: ऊस गाळपाच्या हंगामात संध्याकाळीही वीज देणारे सहवीजनिर्मिती प्रकल्प, पालिकांचे कचऱ्यापासून वीज करणारे संच, शीतगृहांची आणि लघुउद्योगांची छपरे. महिन्याला बदलणाऱ्या भावावर यातला एकही उभा राहणार नाही. त्यांच्यासाठी कनेक्टिकटचा साचा आपल्या मातीत बसवता येईल. महावितरणने दरवर्षी मर्यादित रकमेची, फक्त प्रमाणपत्रांची, दहा-पंधरा वर्षांची निविदा काढायची, आकारानुसार गट पाडायचे, आणि सर्वात लहान गटाला बोलीऐवजी सरासरीवर बेतलेला दर द्यायचा.

अर्थात त्याआधी सक्ती खरी व्हायला हवी. त्या दिशेने एक पाऊल पडले आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने नवीकरणीय वापराचे बंधन त्या कायद्याखाली आणले. २०२४-२५ साठी २९.९१ टक्के, २०२९-३० साठी ४३.३३ टक्के. या कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आणि वर तुटीच्या प्रमाणात जादा दंड आहे. राज्य आयोगाच्या दहा पैशांपेक्षा हा चाबूक कितीतरी कडक. तो वापरला जातो की नाही, यावर पुढची दहा वर्षे ठरणार आहेत.

महावितरणचा दरप्रस्ताव आयोगापुढे येतो, तेव्हा त्यात नवीकरणीय बंधनाची पूर्ती, तूट आणि खरेदीखर्च यांचा तपशील असतो आणि त्यावर जाहीर सुनावणी होते. तिथे ग्राहक संघटना दरवाढीवर हिरिरीने बोलतात, आणि बोललेच पाहिजे. या वेळी त्यांनी आणखी एक प्रश्न लेखी विचारावा. प्रमाणपत्र शे-सव्वाशे रुपयांना मिळत होते, त्या काळात कंपनीने जुनी तूट भरून का काढली नाही, किंवा काढली असेल तर किती?